पुरणपोळ्या अजून चालायच्या आहेत

भूगाव
२७ ऑक्टोबर २०२५

शारदा,

नावाआधी ‘प्रिय’ लिहायची आज इच्छा नाही. समजून घे, नाहीतर घेऊ नकोस.

दिवाळीपासून तुझे फोन येताहेत आणि मी ते उचलत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर तू हसतेस आणि माझा राग पातळ होतो. या वेळी मला तो पातळ होऊ द्यायचा नाही, म्हणून पत्र. पोस्टातला माणूस म्हणाला, पत्र आधी पुण्यात जाणार, मग तिथून उलटं फिरून माझ्याच दारावरून मुळशीला जाणार. म्हटलं, जाऊ दे, मला घाई नाही.

तर विषय असा. भाऊबीजेच्या दिवशी तू मोबाइलवर स्टेटस टाकलंस. मागे धरणाचं पाणी, पुढे तू, आणि तुझ्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली नऊवारीतली एक भरभक्कम बाई. खाली तू लिहिलंस, ‘आजची चकली वसूल’.

‘वसूल’ हा शब्द कुणाचा गं? डॉक्टरांनी आपल्या दोघींना एकाच सकाळी सांगितलं होतं, साखर काठावर आहे, गोडधोड सोडा नाहीतर चालायला लागा. एकाच इमारतीत राहून तोवर आपल्याला एकमेकींची नावं माहीत नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर तू म्हणालीस, ‘सोडणारी तर मी नाही.’ मी म्हटलं, ‘मग चालू या.’ तेव्हापासून आपण खाल्लेलं वसूल करत आलो. तलावापर्यंत जाऊन आलं की दोन चकल्या. देवळाला वळसा घातला की बेसनाचा लाडू. चांदणी चौकाचा चढ म्हणजे पुरणपोळी. भूगावचे सगळे रस्ते आपण खाऊन ठेवलेत. आणि नियम एकच होता, जे एकत्र खाल्लं ते एकत्रच चालायचं. तुला ताप आला होता तेव्हा मी आठवडाभर आपला मोतीचूर तसाच अंगावर ठेवला, एकटीने चालले नाही. आठवतंय?

आता तू चकल्या त्या बाईबरोबर वसूल करतेस. कर. चकल्या तिच्या असतील. पण दसऱ्याच्या दुपारचं काय? तुझ्या निषादला धरणावरच्या रिसॉर्टवर व्यवस्थापकाची नोकरी लागली, तुमचं सामान टेम्पोत चढत होतं, आणि मी पुरणपोळ्या केल्या होत्या. तू रडत रडत खाल्ल्यास आणि मीही मागे राहिले नाही. चालायला वेळच उरला नाही, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तू खिडकीतून म्हणालीस, ‘आशा, या चालायच्या राहिल्या बरं का.’

त्या पुरणपोळ्या तू त्या बाईबरोबर चाललीस का? मला एवढंच विचारायचं आहे. खरं सांग.

अजून तरी तुझीच,
आशालता


मुळशी
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय आशा,

(बघ, मी लिहिते ‘प्रिय’. माझा हात काही झडला नाही.)

पत्र मिळालं. किमया म्हणाली, ‘आई, तुम्हाला पत्र? कुणी पाठवलं, न्यायालयाने?’ सुनेला काय सांगू? तुझा आवाज त्या कागदातून इतका मोठा येत होता, की मी दार लावून घेऊन वाचलं.

अगं, इथे चालणं म्हणजे भूगावसारखं नाही. पहिल्या सकाळी मी बूट घालून निघाले, ते तूच घेऊन दिलेले निळे. प्रत्येक ओट्यावरून एकच प्रश्न, ‘कुटं चाललाव?’ मी म्हटलं, चालायला. ‘चालायला म्हंजी कुटं?’ कुठेच नाही म्हटलं, तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोंडिबा म्हणून एक आजोबा आहेत, त्यांनी तर काठी आडवी धरून मला थांबवलं आणि काळजीने विचारलं, ‘येष्टी चुकली का बाई?’ इथे माणूस निघतो तो शेताला, बाजाराला नाहीतर दवाखान्याला. नुसता कुणी निघत नाही. दुसऱ्या दिवशी मी घराबाहेरच पडले नाही.

फोटोतल्या त्या गंगूबाई. आमच्या घरमालकीणबाई. त्यांचं शेत होतं पाण्याच्या कडेला, त्यातलं बरंचसं रिसॉर्टवाल्यांना दिलं. राहिलेलं मुलगा ट्रॅक्टरने बघतो, त्यामुळे आता बाईंना बांधावर जायचं कारण उरलेलं नाही. स्वभावाने फटकळ, हाताने उदार. मी घरात बसलेली बघून त्याच म्हणाल्या, ‘शारदाताई, मी येते तुमच्यासंगं. पर माजी एक अट हाय.’

अट काय ते मी तुला लिहू शकत नाही. गंगूबाईंनी मला देवापुढे हात ठेवायला लावला. पण त्या अटीपायी रोज इतकं हसू येतं, की हसण्यातच निम्मं जेवण जिरतं.

खाण्याचं म्हणशील तर बिघडलेच आहे मी. तांदळाची भाकरी, तीही अशी पातळ की दुमडून रुमालात ठेवावी. धरणातले मासे, कालवण, वर वाफाळता भात. त्यापायी थेट वरच्या वळणापर्यंत जावं लागतं, जिथून सगळं पाणी दिसतं.

तुझं काय चाललंय? शेजारच्या स्वरदाचा फोन आला होता. म्हणाली, आशाकाकूंनी पिवळा टी-शर्ट घेतलाय. कसला गं?

तुझी,
शारदा


भूगाव
१४ नोव्हेंबर २०२५

शारदा,

छान. अट आहे, आणि ती मला सांगायची नाही. देवापुढे हात ठेवून झाला. आपण इतकी वर्षं चाललो, मी तुला माझ्या नवऱ्याच्या तब्येतीपासून जावेच्या कागाळ्यांपर्यंत सगळं सांगितलं, कधी देव मध्ये घातला नाही. तुमचं महिन्याभरात देवापर्यंत गेलं.

मला राग येतो, असं समजू नकोस. मला जळायला होतं. हे मी सरळ लिहिते, कारण लपवून ते कमी होत नाही. सकाळी चहा घेताना मनात येतं, आत्ता ती बूट घालत असेल, आत्ता ती बाई खालून हाक मारत असेल. मग चहा गोड लागत नाही. तसाही तो बिनसाखरेचाच असतो.

पिवळ्या टी-शर्टचं विचारलंस. तर ऐक. आपल्याकडे चालणाऱ्यांचा एक गट निघालाय, ‘पहाटपावलं’. सगळ्यांना पिवळे टी-शर्ट. साहिल नावाचा मुलगा शिकवायला असतो, फार मनमिळाऊ. मनगटावर घड्याळ बांधतात, ते सगळं मोजतं. माझ्या शेजारी अनुष्का चालते, हिंजवडीला नोकरीला आहे, अकोल्याकडची. ती मला ‘आशाताई’ म्हणते. काकू नाही, ताई.

आणि साहिलने मोबाइलवर दाखवलं, कुठल्या पदार्थाच्या किती कॅलरी आणि त्या उतरवायला किती चालायचं. शारदा, आपण ठार चुकलो होतो. चांदणी चौकाचा चढ म्हणजे पुरणपोळी हे आपण ठरवलं, पण त्यात तूप धरलंच नव्हतं. ‘तूप मोजायचं नसतं, ते औषध असतं,’ हे तुझंच वाक्य. तूप धरलं तर आपल्याला प्रत्येक पोळीमागे चौकाच्या पार पलीकडे उतरून परत यायला हवं होतं. साहिल ऐकून खूप हसला. मीही हसले.

तुझ्या पत्रात भाकरी आली, मासे आले, कालवण आलं. पुरणपोळ्यांचं उत्तर तेवढं आलं नाही. ते मी मागितलं होतं.

आशालता


मुळशी
२५ नोव्हेंबर २०२५

आशा,

ताई! मी अजून जगाची काकू आणि तू ताई झालीस. अभिनंदन.

तू त्या पोराला आपलं तूप सांगितलंस? आपण दोघी तुपाचं गणित का धरत नव्हतो, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. पोळीवर तूप तू वाढायचीस, आणि तुझ्या हातचं तूप मोजायला माझं मन व्हायचं नाही. ते तू चारचौघांत हसायला दिलंस. मी तुझं पत्र वाचलं आणि दुपारी जेवलेच नाही. गंगूबाईंनी विचारलं, काय झालं, तर त्यांना सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, ‘तूप लावलं की पोळी हलकी हुती. त्या पोराला सैपाक येतो का?’ मला त्या वेळी त्या फार जवळच्या वाटल्या, हे तुला मुद्दाम लिहिते.

ती अनुष्का तुझ्या कोणत्या बाजूने चालते? मी डावीकडे चालायचे, कारण तुला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. तिला हे माहीत आहे का? की ती बोलते आणि तू नुसती मान हलवतेस?

पुरणपोळ्यांचं सारखं सारखं विचारू नकोस. सांगायचं तेव्हा सांगेन.

इथे भातकापणी जोरात आहे. ज्याला बघावं तो विळा घेऊन शिवारात. इंद्रायणीचा नवा तांदूळ येईल, पण तुला पाठवू की नको याचा विचार करते आहे. तुमच्या घड्याळाला नव्या तांदळाचा भात चालतो का, ते साहिलला विचारून ठेव.

तुझ्याकडे अनुष्का आहे, माझ्याकडे गंगूबाई आहेत. दोघींचं भागतंय. मग उगाच पोस्टमनला तरी का चालवायचं?

शारदा


भूगाव
२ डिसेंबर २०२५

चि. निषाद,

तुला आशामावशीचे आशीर्वाद द्यायचे की नाही, हे तुझ्या उत्तरावर ठरेल.

स्वरदा आणि तिचा नवरा शनिवारी तुमच्या बाजूला फिरायला आले होते. येताना रस्त्यात गाडीतून तिने एक फोटो काढला आणि काल मला दाखवला. ‘काकू, या शारदाकाकूच ना?’ म्हणून. मी आधी ओळखलंच नाही. विटकी साडी खोचलेली, डोक्याला फडकं बांधलेलं, त्यावर पाटी, हातात विळा. पुढे तुमची ती घरमालकीण ऐटीत चाललेली आणि मागे तुझी आई, ओझं घेऊन. पायातले बूट निळे होते म्हणून ओळख पटली. ते बूट मी घेऊन दिले होते, निषाद, तलावाला फेरी मारायला. दुसऱ्याच्या शेतात राबायला नव्हे.

आता मला सगळं कळलं. बाईंची अट, देवापुढचा हात, मला न सांगण्यासारखं काय होतं, ते सगळं. भाड्यात सूट हवी म्हणून आईला कापणीला धाडतोस? का तिला घरात करमत नाही म्हणून त्या बाईने तिला गोडीगोडीत कामाला लावलं? तिला नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे. मीसुद्धा त्याचा फायदा घेतलाय, पण माझं काम फार तर डाळ निवडायचं असायचं.

ती भांडली माझ्याशी. भांडू दे. मी रविवारी सकाळच्या बसने येते आहे. तिला माझ्याकडे घेऊन जाईन, माझी मागची खोली रिकामीच असते. आईला यातलं काही सांगू नकोस. सांगितलंस तर ती मला यायला बंदी करेल.

तुझी,
आशामावशी


मुळशी
१० डिसेंबर २०२५

प्रिय आशा,

तू रविवारी जे करून गेलीस, ते इथे अजून गाजतंय. तुला त्यातलं निम्मं रागाच्या भरात दिसलंच नसेल, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही दोघी नेहमीसारख्या निघालो होतो. बस थांबली, दारातून कुणीतरी पिवळं पिवळं उतरलं आणि तरातरा आमच्याकडे यायला लागलं. पंजाबी ड्रेसवर पिवळा टी-शर्ट. मी हाक मारायच्या आत तू माझ्या डोक्यावरची पाटी हिसकावलीस आणि भर थांब्यावर गंगूबाईंना म्हणालीस, ‘माझ्या मैत्रिणीला राबवता? लाज नाही वाटत?’ माझ्याकडे वळून म्हणालीस, ‘चल, सामान भर.’ आणि पाटी उलटी केलीस.

पाटीतून काय पडलं? पाण्याची बाटली, एक नॅपकिन, माझ्या चष्म्याची डबी आणि वर दाखवायला टाकलेलं मूठभर गवत.

तुझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. पण गंगूबाईंचा त्याहून. त्यांना डॉक्टरांनी पौडला सांगितलंय, साखर वाढली आहे, रोज चाला. पण आयुष्यभर शेतात राबलेली बाई, तिने बिनकामाचं रस्त्यावर फिरायचं? लोक म्हणतील, जमीन दिली आणि आता बाई हवा खात फिरतीय. म्हणून त्यांनी पाटी आणि विळा घ्यायची युक्ती काढली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, कामाला चालल्यात. त्यांची अट हीच. मीही पाटी घ्यायची, म्हणजे त्यांच्यावर शंका नको, आणि साखरेचं कुणाला सांगायचं नाही. आशा, माझ्या जिवाला ती पाटी म्हणजे खेळ होता गं, लहानपणी भातुकलीत घ्यायची तसा.

आणि तुझ्यापायी त्या बाईला भर थांब्यावर ओरडून सांगावं लागलं, ‘शुगर हाय मला! खाल्लेलं जिरवायला चालते मी! लोकांनी हसू न्हाई म्हून पाटी घेते! आता हसा समदे!’

कुणी हसलं नाही, ते तू बघितलंस. कोंडिबा आजोबा तेवढे म्हणाले, ‘मंग आमच्या सारजाला बी न्या की. तिला बी हाय, घरात बसून नुसती पाय चोळतीया.’ तरी तू गेल्यावर गंगूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तुला मात्र त्याच दुपारी पाटावर बसवून मासे वाढले. पाहुणीवर राग काढायचा नसतो, म्हणाल्या, तो मागाहून घरच्यावर काढायचा. आणि तू तोंड फुगवून का होईना, दोनदा कालवण मागून घेतलंस.

निषादला मी विचारलं, तुला पत्र आलं होतं ना, मग मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, ‘मावशीला यायला काहीतरी कारण हवं होतं. मी कशाला मोडता घालू?’

आता पुरणपोळ्यांचं. जेवताना मी तुला म्हटलं, चल, आज त्या चालून टाकू. तू विचारलंस, ‘म्हणजे अजून तशाच आहेत?’ तेव्हा गंगूबाई समोर होत्या म्हणून मी नुसती मान हलवली. आता लिहिते. त्या मी कुणाबरोबर चालले नाही. पहिल्या सकाळी मी बूट घालून निघाले होते ना, ती त्यांच्यासाठीच. वाटलं, एकटीने चालून टाकावं, म्हणजे मन मोकळं होईल आणि इथे रुळता येईल. इथल्या देवळापाशी पोचेपर्यंत डोळे वाहायला लागले. डावीकडे चालत होते मी, सवयीने, आणि उजवीकडे कुणी नव्हतं. कोंडिबांनी ‘येष्टी चुकली का’ विचारलं ते माझं तोंड बघून. तुला मी त्यातलं हसण्यासारखं तेवढं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी आली असतीस, हे आता कळतं. पण मला वाटलं, तुला अनुष्का मिळाली आहे.

आणि आता माझी तक्रार. तो टी-शर्ट तू पहिल्यांदाच घातला होतास. घडीच्या रेघा पाठीवर दिसत होत्या. मनगटावर घड्याळ नव्हतं. देवळाच्या चढावर तुला अशी धाप लागली, की मला भीती वाटली. भूगावला तू माझ्या पुढे चालायचीस आणि मागे वळून मला चिडवायचीस. मी स्वरदाला खोदून विचारलं. तिने सांगितलं, तू त्या गटात दोनच दिवस गेलीस, आणि मी गेल्यापासून इमारतीचं फाटकसुद्धा क्वचित ओलांडतेस. म्हणजे तू मला जळवायला लिहीत होतीस, आणि मी खरंच जळत होते. मी त्या अनुष्काचा चेहरासुद्धा मनात तयार केला होता, कुरळे केस वगैरे.

शेवटी तर हद्द झाली. तूप धरून सगळं नीट मोजत आलो, एकच पोळी उरली, वळण समोर दिसत होतं, आणि तू मैलाच्या दगडावर बसलीस. ‘आता पाऊल उचलत नाही’ म्हणालीस. गंगूबाई पुढे उभ्या राहून वाट बघत होत्या. मी रोज त्या वळणाच्या पलीकडे जाते आणि तुला तिथवर पोचता आलं नाही, हे मला तेव्हापासून खुपतंय. तपासून घे. साखर किती आली, ते आकडा न लपवता लिही.

तुझी,
शारदा


भूगाव
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय शारदा,

लिहिलं बघ ‘प्रिय’.

उत्तराला उशीर झाला, कारण आकडा लिहिण्यासारखा नव्हता. डॉक्टरांनी डोळे वटारले. म्हणाले, ‘तुमच्या त्या मैत्रीण कुठे गेल्या? त्या असताना बरं होतं.’ मी जिन्यात येऊन रडले. आता रोज चालते आहे. परवा पुन्हा तपासलं, बरंच खाली आलंय. कागद जोडला आहे, बघ म्हणजे खात्री पटेल.

चालू कशी लागले, ते सांगते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी निषाद आला, तुझा तिळगूळ आणि इंद्रायणीचा तांदूळ घेऊन. सोबत गोणपाटात गुंडाळलेलं आणखी एक वाण, गंगूबाईंकडून. उघडलं तर नवी कोरी पाटी आणि विळा. निषादने निरोप सांगितला, ‘मावशी, त्या म्हणाल्या, माजी पाटी उलटी केली, आता सोताची घ्यावी.’

मी ती खुंटीला लावून ठेवणार होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोह आवरला नाही. विळा घरीच ठेवला, पाटीत पाण्याची बाटली टाकली आणि निघाले. फाटकावरचा राजू म्हणाला, ‘काकू, कुठे?’ मी म्हटलं, कामाला. त्याने फाटक उघडलं. इतके दिवस लोक विचारतील म्हणून मी बाहेर पडत नव्हते. ‘एकट्याच? मैत्रीण कुठे?’ असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून. पाटी असली की तसं कुणी विचारत नाही, एवढं मात्र तुझ्या बाईंचं खरं आहे. तिळगूळ तलावाला जाऊन वसूल केला. तूप नव्हतं त्यात, त्यामुळे काही लपवावं लागलं नाही.

गटाचं तू ओळखलंसच. अनुष्का खरी आहे, पण ती कानात गाणी घालून चालते आणि दुसऱ्या दिवशी तिने मला ‘आजी’ म्हटलं. मग मी घरीच थांबले. तुपाचं मात्र मी खरंच सांगितलं होतं साहिलला, आणि तो हसला तेव्हा मला वाईट वाटलं होतं. ‘मीही हसले’ हे खोटं लिहिलं होतं. ते आता पुसून टाक.

पण एक तुला चुकीचं कळलंय, ते दुरुस्त करायला हवं. देवळाच्या चढावर मला धाप लागली, ती खरी होती. मैलाच्या दगडापाशी मात्र मला काही झालं नव्हतं. श्वास ठीक होता, पायही ठीक होते. मी मुद्दाम बसले.

त्याचं असं झालं. गंगूबाई पुढे उभ्या होत्या, तुझ्यासाठी थांबलेल्या. तुझी पाटी त्यांनी स्वतःच्या पाटीत घातली होती, तुझ्या डोक्याला भार नको म्हणून. वळण समोर होतं. माझ्या मनात आलं, आता ही शेवटची पोळी चालून झाली, की आपलं दोघींचं काही राहणार नाही. मग मी बसने परत जाणार, आणि उद्या सकाळी तू याच रस्त्याने हिच्याबरोबर चालणार. मी तुझ्याकडे येईन ती पाहुणी म्हणून. मला पाटावर बसवून मासे वाढतील. मला त्या बाईचा इतका मत्सर वाटला, शारदा, की मी सरळ दगडावर बसले. तुला वाटलं मी दमले, आणि तू माझी पाठ चोळायला लागलीस. मी चोळू दिली.

मत्सर अजून गेलेला नाही, आणि जाईल असं मला वाटत नाही. बाई चांगली आहे, त्यामुळे तर आणखीच. माझी एवढीच विनंती आहे, भाकरी, मासे, कालवण, चकल्या, सगळं तू तिच्याबरोबर चाल. वळणाच्या पलीकडे जा, अगदी घाट उतर. फक्त मैलाच्या दगडापासून वळणापर्यंतचा तेवढा तुकडा ओलांडताना मनात धर, की ही पोळी यात मोजायची नाही. ती मी तिथे ठेवून आले आहे.

तू कधीतरी विचारशील, आशा, ती कधी चालायची? मी म्हणेन, माझा गुडघा दुखतोय, पुढच्या वेळी. त्याच्या पुढच्या वेळीही माझं काहीतरी दुखत असेल. तू समजून घे.

हे लिहिताना दोनदा तुझा फोन वाजला. उचलला नाही, कारण तू हसली असतीस आणि हे सगळं लिहायचं राहून गेलं असतं. आता झालं लिहून. पत्र मिळालं की फोन कर. डाव्या कानाला लावते.

तुझीच,
आशालता